शाळेबाहेर गेलेली परीक्षा : गोंदिया जिल्ह्यातून पाहिलेले प्रवेश परीक्षांचे बदल

प्रवेश परीक्षेचा विचार करताना तीन गोष्टी वेगळ्या काढून पाहाव्या लागतात. तिचा अभ्यास कुठे होतो, ती कुठे घेतली जाते आणि तिच्या निकालावर जागा कोण वाटते. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी आमगाव किंवा तिरोड्याच्या विद्यार्थ्यासाठी या तिन्ही गोष्टी एकाच इमारतीच्या आसपास होत्या. कनिष्ठ महाविद्यालयात शिकायचे, तिथेच किंवा जवळच्या केंद्रावर बारावीचा पेपर द्यायचा आणि मिळालेली गुणपत्रिका घेऊन पुढच्या महाविद्यालयाच्या दारात उभे राहायचे. आज अभ्यास क्लासमध्ये किंवा मोबाईलवर होतो, परीक्षा कुठल्या तरी संगणक केंद्रावर होते आणि जागा मुंबईहून चालणाऱ्या ऑनलाइन फेऱ्यांतून मिळते. ज्या शाळेच्या पटावर मुलाचे नाव असते, तिच्याकडे बारावी उत्तीर्ण झाल्याचा दाखला देण्यापलीकडे या व्यवहारात काही उरलेले नाही.

गेल्या पंचवीस वर्षांत प्रवेश परीक्षांमध्ये झालेल्या जवळजवळ प्रत्येक बदलामागे सबळ कारण होते. पैसे घेऊन जागा विकणे थांबवायचे होते, वेगवेगळ्या मंडळांच्या मुलांना एका मापाने मोजायचे होते, पेपरफुटीला आळा घालायचा होता. मात्र एकाही बदलाबरोबर सरकारी आणि अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयाला ‘आता तू काय करायचे’ हे सांगितले गेले नाही. बदल परीक्षेत झाला आणि शाळा होती तिथेच राहिली. त्या दोहोंमध्ये जे अंतर पडले ते भरून काढायला ज्याच्याकडे पैसा होता, त्याने क्लास लावला. ज्याच्याकडे नव्हता, त्याचे मूल त्या अंतरात अडकले. या लेखातला मुख्य मुद्दा हाच आहे.

तो तपासायला गोंदिया जिल्हा चांगला आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १३ लाख २२ हजार, त्यात अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे १६ टक्के. पोट धानावर आणि जंगलावर. इथे शाळांचे सगळे प्रकार भेटतात. पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा परिषद म्हटले की बहुतेकदा प्राथमिक शाळाच डोळ्यांसमोर येते. इथे मात्र जिल्हा परिषदेची हायस्कुले आणि त्यांना जोडलेली कनिष्ठ महाविद्यालयेही आहेत. खासगी संस्थांची अनुदानित महाविद्यालये आहेत, देवरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाखालच्या आश्रमशाळा आहेत आणि नवेगावबांधला जवाहर नवोदय विद्यालय आहे. गोंदिया शहरात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे डॉक्टर घडवणारी संस्था जिल्ह्यात आहे, पण तिथपर्यंत पोहोचवणारी परीक्षा जिल्ह्यातल्या शाळेत शिकवली जात नाही.

दोन परीक्षा वेगळ्या कशा झाल्या

महाविद्यालयाचे दार उघडणारी परीक्षा आणि शाळा संपवणारी परीक्षा ही आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे एकच होती. मुंबई विद्यापीठाने १८५९ मध्ये पहिली प्रवेश परीक्षा घेतली. न्यायमूर्ती रानडे त्याच पहिल्या तुकडीतले. पुढे ती मॅट्रिक झाली, मग एसएससी आली, सत्तरच्या दशकात दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला आणि बारावी हे नवे दार ठरले. नावे बदलली, तरी शाळेतला शिक्षक शिकवतो तेच परीक्षेत येते आणि त्याच गुणांवर पुढचे ठरते, ही साखळी तुटली नव्हती.

ती तुटली जागांच्या व्यवहारामुळे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या, त्याबरोबर देणग्याही आल्या. १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फी मनाईचा कायदा करावा लागला. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे वैद्यकीय शाखेसाठी आणि नंतरच्या काही वर्षांत अभियांत्रिकीसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) आली. ऑगस्ट २००५ मध्ये पी. ए. इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगी संस्थांना प्रवेशाचे स्वातंत्र्य दिले, पण प्रवेश पारदर्शक आणि शोषणमुक्त हवा आणि त्यासाठी सामाईक परीक्षा व केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया हा मार्ग योग्य आहे, असेही सांगितले. पुढे २०१५च्या कायद्याने राज्यात स्वतंत्र सीईटी कक्ष उभा राहिला. या सगळ्या इतिहासात सीईटीची बाजू न्यायाची आहे हे विसरून चालणार नाही. देणगी देऊ न शकणाऱ्या मुलालाही तिच्यामुळे खासगी महाविद्यालयाचे दार ठोठावता आले.

मात्र त्याच टप्प्यावर बारावीच्या गुणांची किंमत घसरली. आज अभियांत्रिकीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून खुल्या गटाला ४५ आणि राखीव गटाला ४० टक्के एवढी किमान अट राहिली आहे. ती पार केली की बारावीला ६० मिळाले काय आणि ९० मिळाले काय, गुणवत्ता यादीत फरक पडत नाही. सगळे सीईटीवर ठरते. वैद्यकीयला नीट या देशव्यापी प्रवेश परीक्षेवर.

शिक्षकावर याचा परिणाम सरळ झाला. ज्याच्या शिकवण्यावर मुलाचे भवितव्य ठरत होते, तो आता किमान अट पार करून देणारा झाला. पालकांनी हे लवकर ओळखले. ‘कॉलेजला नुसते नाव टाका, क्लास नागपूरला लावा’ हा सल्ला गोंदियाच्या बाजारात कोणीही देतो. त्यातूनच नॉन-अटेंडन्स, इंटिग्रेटेड, टाय-अप, डमी अ‍ॅडमिशन हे शब्द आले. २०१८ मध्ये शासनाने नागपूरसह काही विभागांतल्या विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. मूल वर्गात का बसत नाही, या प्रश्नाला तिथे हात लागला नाही. हजेरी यंत्राने घेता येते. वर्गात बसण्याचे कारण मात्र यंत्र देऊ शकत नाही.

बदलांची घाई

२०१३ ते २०१७ ही पाच वर्षे पाहिली म्हणजे ‘बदल’ हा शब्द गावातल्या मुलाच्या बाजूने कसा दिसतो हे कळते. ५ मे २०१३ रोजी देशभर पहिली नीट झाली. १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. २०१४ आणि २०१५ मध्ये महाराष्ट्राने अभियांत्रिकीसाठी आपली सीईटी बाजूला ठेवून केंद्राची जेईई मेन स्वीकारली आणि निम्मे वजन जेईईला, निम्मे बारावीला दिले. २०१६ मध्ये जेईई सोडून पुन्हा सीईटी.

आता जून २०१४ मध्ये अकरावीला बसलेल्या मुलीचा विचार करा. तिने प्रवेश घेतला तेव्हा अभियांत्रिकीचा रस्ता जेईईतून जात होता आणि बारावीला निम्मे वजन होते. ती बारावीचे पेपर देईपर्यंत दोन्ही गोष्टी गेल्या होत्या. तिची मैत्रीण वैद्यकीयची तयारी करत होती. ११ एप्रिल २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नीट रद्द करणारा आपलाच निकाल मागे घेतला. २८ एप्रिलला आदेश दिला की नीट याच वर्षी, दोन टप्प्यांत, पहिला टप्पा १ मेला. ५ मेला राज्याची सीईटी ठरल्याप्रमाणे झाली. २४ मेला केंद्राने अध्यादेश काढून त्या वर्षापुरती राज्यांच्या जागांना नीटमधून सूट दिली. जवळपास दीड महिना त्या मुलीला आपण कोणत्या परीक्षेसाठी अभ्यास करतो आहोत हेच ठाऊक नव्हते. नीटमध्ये अकरावी-बारावी दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम आणि चुकीच्या उत्तराला गुणकपात, तर सीईटीत गुणकपात नाही. तयारी वेगळी, प्रश्न सोडवायची रीतही वेगळी.

मोठ्या शहरातल्या क्लासने हा गोंधळ एका आठवड्यात पचवला असेल. तिथे वेळापत्रक बदलायला माणसे असतात. सालेकसा किंवा देवरीतल्या कनिष्ठ महाविद्यालयात एप्रिल-मेमध्ये शिक्षक उत्तरपत्रिका तपासत असतात, वर्ग बंद असतात आणि बातमी मुलापर्यंत वर्तमानपत्रातून पोहोचते. गोंदियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पहिली तुकडी याच वर्षीची. राज्याच्या सीईटीवर वैद्यकीय प्रवेश मिळालेले ते शेवटचे वर्ष.

२०१७ पासून नीट कायम झाली आणि मराठीसह दहा भाषांत आली. हा बदल मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, आणि म्हणूनच तो अर्धवट राहिला याचे दुःखही होते. प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, पण अकरावी-बारावीच्या विज्ञानाची पाठ्यपुस्तके इंग्रजीत. झाडीबोली बोलणारे, सालेकशाच्या डोंगराकडचे गोंडी बोलणारे किंवा गोंदिया शहरातले हिंदी बोलणारे मूल दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी-इंग्रजीत शिकते, अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तकावर येते आणि परीक्षेच्या अर्जात त्याला माध्यम विचारले जाते. दोन वर्षे ‘इनर्शिया’ वाचलेल्या मुलाला प्रश्नपत्रिकेत ‘जडत्व’ दिसले, तर ती सोय त्याच्या उपयोगाची नाही. मराठीत वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायची सोय खरी करायची असेल, तर तिची सुरुवात अकरावीच्या पुस्तकापासून व्हायला हवी होती.

संगणक आणि पर्सेंटाइल

२०१९ पासून राज्याची सीईटी, म्हणजे एमएचटी-सीईटी, संगणकावर आणि अनेक सत्रांत होऊ लागली. ओएमआर पत्रिकेवर गोल काळे करणे संपले. प्रत्येक सत्राला वेगळी प्रश्नपत्रिका असल्याने कच्च्या गुणांऐवजी पर्सेंटाइल आला. या बदलाइतका गैरसमज झालेला दुसरा बदल नाही, म्हणून तो थोडा उलगडून पाहू.

समजा एका सत्राला २० हजार मुले बसली. अर्जुनी मोरगावच्या एका मुलीइतके किंवा तिच्याहून कमी गुण मिळालेली मुले, तिला धरून, १८ हजार आहेत. अठरा हजाराला वीस हजाराने भागून शंभराने गुणले की तिचा पर्सेंटाइल ९०. तिचे कच्चे गुण २०० पैकी शंभरच्या आसपासही असू शकतात. घरी मात्र ‘नव्वद पडले’ अशी बातमी जाते, पेढे वाटले जातात, आणि जुलैत केंद्रीभूत प्रवेशाच्या पहिल्या फेरीत (कॅप राऊंडमध्ये) हवे ते महाविद्यालय लागत नाही तेव्हा घरात सन्नाटा पसरतो. राज्यात पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात चार लाख मुले बसली असतील, तर नव्वद पर्सेंटाइलच्या मुलीपुढे सुमारे ४० हजार मुले आहेत. हे गणित पहिल्याच वर्षी अकरावीच्या वर्गात फळ्यावर मांडून दाखवता येते. त्याला पंधरा मिनिटेही लागत नाहीत. पण ते कोणाच्या कामात बसत नाही, म्हणून कोणी दाखवत नाही.

पर्सेंटाइलच्या मुळाशी एक गृहीतक आहे. प्रत्येक सत्रात बसलेली मुले एकूण कुवतीने सारखी आहेत, असे ते धरून चालते. सत्रांचे वाटप यादृच्छिक आणि संख्या मोठी असेल, तर हे बऱ्याच अंशी खरे ठरते. गृहीतक मोडले किंवा एका सत्राच्या प्रश्नपत्रिकेत मोठा दोष निघाला, तर सगळे सत्रच पुन्हा घ्यावे लागू शकते, कारण प्रत्येकाचे गुण इतरांच्या तुलनेतूनच ठरतात. एप्रिल २०२५ मध्ये हेच झाले. २७ एप्रिलच्या एका सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांत चुका निघाल्या आणि २७ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना ५ मेला पुन्हा बसावे लागले. फेरपरीक्षेचा निर्णय योग्य होता. पण तो राबवताना मूल परीक्षा केंद्राच्या जवळ राहते असे धरले गेले.

गोंदियात ते जवळ राहत नाही. संगणकावरच्या परीक्षेला शेकडो यंत्रांची प्रयोगशाळा, जनरेटर, सलग जाळे लागते. त्यामुळे केंद्रे मोठ्या गावांतच होतात. अर्जुनी मोरगाव गोंदियापासून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. चांदाफोर्टकडे जाणाऱ्या मार्गावर गाडी आहे, पण सकाळच्या सत्राला वेळेत पोहोचायचे तर आदल्या दिवशी निघावे लागते. केंद्र नागपूर आले, तर मुलीबरोबर वडील किंवा भाऊ, दोघांचे जाणे-येणे, एका रात्रीचा मुक्काम. ज्या घराला रोजीवर जगावे लागते, त्या घराच्या दृष्टीने परीक्षेचे खरे शुल्क हे असते. अर्जाचे शुल्क त्याच्या पुढे लहान वाटते, पण तेही लहान नाही. २०२५ मध्ये नीटला खुल्या गटाला १,७०० आणि अनुसूचित जाती-जमातींना १,००० रुपये होते.

याहून खोल प्रश्न सरावाचा आहे. पडद्यावर उजवीकडे प्रश्नांच्या क्रमांकांची चौकट असते. सोडवलेला, न पाहिलेला आणि पुन्हा पाहायला ठेवलेला प्रश्न वेगवेगळ्या रंगात दिसतो. वेळ वरच्या कोपऱ्यात उलटी मोजली जाते. भौतिक आणि रसायन मिळून शंभर प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे प्रश्नाला मिनिटाहून कमी. गणिताच्या ५० प्रश्नांना आणखी ९० मिनिटे. ज्याने हा पडदा आधी पाहिला आहे, तो लगेच सोप्या प्रश्नांकडे वळतो. ज्याचा हात माऊसला पहिल्यांदा लागतो आहे, त्याची सुरुवातीची काही मिनिटे पडदा समजून घेण्यात जातात. त्या मिनिटांत किती प्रश्न गेले हे पर्सेंटाइल सांगत नाही. तो ते कमी गुण म्हणून नोंदवतो, आणि यादी त्याला कमी कुवत समजते.

मे महिना

परीक्षांचे वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी पूर्व विदर्भातला उन्हाळा एकदा जवळून पाहावा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडतात. ती पहाटे वेचावी लागतात, ऊन चढले की सुकतात आणि जनावरे खातात. एप्रिलच्या शेवटापासून तेंदूपत्ता सुरू होतो. पहाटे जंगलात, दुपारी घरी पुडके बांधणे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून देणे. या काही आठवड्यांत घरातले प्रत्येक हात कामाला लागतात, कारण वर्षभराच्या रोख रकमेचा मोठा भाग याच काळात येतो. सीईटीची सत्रे आणि मेच्या पहिल्या रविवारच्या आसपासची नीट नेमकी याच दिवसांत. बारावीचा शेवटचा पेपर आणि सीईटी यांच्यामधला महिना शहरात क्रॅश कोर्सचा महिना असतो. देवरी-सालेकशाच्या जंगलपट्ट्यात तो मोहाचा महिना. आश्रमशाळेचे वसतिगृह तोपर्यंत रिकामे झालेले असते. मूल घरी गेलेले असते आणि त्याच्याबरोबर अभ्यासाची जागा, वीज, सोबती सगळेच गेलेले असते.

इथे परीक्षेची तारीख बदलण्याची मागणी मी करणार नाही. राज्याचे वेळापत्रक एका जिल्ह्याच्या हंगामावर चालू शकत नाही. पण आश्रमशाळेचे वसतिगृह सीईटीपर्यंत उघडे ठेवणे, तिथे जेवण आणि दोन शिक्षक असणे, हा निर्णय मुंबईच्या सीईटी कक्षाच्या हातात नाही. तो आदिवासी विकास विभागाच्या आणि प्रकल्प अधिकाऱ्यांच्या हातात आहे.

बारावीचे गुण परत आणावेत का

एक उपाय वारंवार पुढे येतो: बारावीला पुन्हा वजन द्या. २०२२ मध्ये तत्कालीन उच्च व तंत्रशिक्षण मंत्री उदय सामंत यांनी बारावी आणि सीईटी यांना निम्मे-निम्मे वजन देण्याचे सूतोवाच केले होते. ते प्रत्यक्षात आले नाही. या उपायाच्या मागची भावना मला पटते, उपाय पूर्णपणे पटत नाही. २०२५ मध्ये राज्याचा बारावीचा निकाल ९१.८८ टक्के लागला. विज्ञानाच्या विषयांत शंभरपैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे, आणि ते देण्याचे हात बरेच सैल असतात. कॉपीमुक्त अभियान दरवर्षी जाहीर करावे लागते, यातच सगळे आले. अशा गुणांना निम्मे वजन दिले, तर प्रामाणिक केंद्रावर बसलेल्या मुलाचे नुकसान होईल, आणि ते मूल गरीबच असण्याची शक्यता जास्त.

अकरावीच्या प्रवेशाबाबत उलटा प्रयोग होता होता राहिला. २०२१ मध्ये करोनामुळे दहावीची परीक्षा झाली नाही, म्हणून राज्याने अकरावीसाठी सीईटी जाहीर केली. मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला ती रद्द केली. प्रत्येक दारावर नवी परीक्षा बसवत जाण्याला त्या निकालाने मर्यादा घातली, हे बरे झाले.

ती मर्यादा २०२४ मध्ये बीबीए, बीसीए, बीएमएस या अभ्यासक्रमांना मात्र लागू झाली नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले आणि राज्याने त्यांच्यासाठी सीईटी लावली. जागा लाखाच्या वर, पहिल्या परीक्षेला बसलेले पन्नास हजारांच्या आत. ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नावच बदलून परिषदेच्या कक्षेबाहेरचा रस्ता धरला. कॉमर्सच्या मुलाला आपल्यालाही सीईटी आहे हे माहीतच नव्हते, कारण सांगणार कोण? कनिष्ठ महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर तो कागद लावण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. शाळेला वगळून परीक्षा बदलली की काय होते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधायला नको.

तमिळनाडूने वेगळा मार्ग घेतला. २०२० मध्ये कायदा करून राज्याच्या वैद्यकीय जागांपैकी साडेसात टक्के जागा सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकून नीट पात्र झालेल्या मुलांसाठी राखल्या. मद्रास उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो वैध ठरवला. नीट रद्द होवो वा न होवो, सरकारी शाळेतल्या मुलाची स्पर्धा प्रथम सरकारी शाळेतल्याच मुलाशी व्हावी, हा त्यामागचा विचार. महाराष्ट्रात याच्या उलट घडले. वैद्यकीय प्रवेशातले ७० टक्के स्थानिक आणि ३० टक्के बाहेरचे हे प्रादेशिक सूत्र सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाले. मराठवाड्यावर त्या सूत्राने अन्याय होत होता हे खरे, कारण तिथे महाविद्यालये कमी. पण ते रद्द करताना विदर्भाच्या टोकाच्या जिल्ह्यांतल्या सरकारी शाळांचे काय, हा प्रश्न कोणी पुढे नेला नाही. तमिळनाडूसारखी तरतूद इथे व्हायला हवी असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तिच्यात आश्रमशाळा व जिल्हा परिषदेची कनिष्ठ महाविद्यालये यांचा नावानिशी समावेश हवा.

अमेरिकेतला एक प्रयोग आपल्या दृष्टीने याहूनही बोलका आहे. मिशिगन राज्याने २००७ मध्ये ठरवले की महाविद्यालयीन प्रवेशाची प्रमाणित परीक्षा प्रत्येक सरकारी शाळेतल्या अकरावीच्या मुलाने आपल्याच शाळेत, शाळेच्या दिवशी, मोफत द्यायची. आधी ती शनिवारी, बाहेरच्या केंद्रावर, शुल्क भरून द्यावी लागे. अभ्यासकांनी नंतर हिशेब केला. पूर्वी स्वतःहून परीक्षा देऊन चांगले गुण मिळवणारी गरीब घरांतली मुले दर हजार धरली, तर सगळ्यांची परीक्षा घेतल्यावर तेवढेच चांगले गुण मिळवणारी आणखी सुमारे ४८० मुले सापडली. ती मुले आधीही हुशार होती. परीक्षेपर्यंत पोहोचली नव्हती, एवढेच. परीक्षा तीच राहिली, तिची जागा तेवढी बदलली.

शाळेचे काम

गोंदियात आज मदत अजिबात नाही असे नाही. नागपूरला मुख्यालय असलेली महाज्योती संस्था इतर मागास आणि भटक्या-विमुक्त गटांतल्या मुलांना सीईटी, जेईई, नीटचे ऑनलाइन प्रशिक्षण आणि टॅबलेट देते. पोवार, कुणबी, कोहळी, लोधी घरांतल्या अनेक मुलांना त्याचा उपयोग होऊ शकतो. नाशिक जिल्हा परिषदेने ‘सुपर ५०’ नावाने निवडक मुलांना जेईई आणि सीईटीची तयारी करून दिली. या योजना चांगल्या आहेत. पण त्या निवडक मुलांपर्यंत पोहोचतात आणि शाळेच्या बाहेरून येतात. मोबाईलला रेंज नसलेल्या गावात टॅबलेटवरचा वर्ग दर संध्याकाळी तुटतो, आणि सकाळी त्या मुलाची शंका सोडवायला शाळेतला शिक्षक बांधील नसतो, कारण तो कार्यक्रम त्याचा नाही.

म्हणून काही गोष्टी थेट कनिष्ठ महाविद्यालयाच्या वेळापत्रकात याव्यात. सीईटीचा अभ्यासक्रम २० टक्के अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा, म्हणजे तो राज्य मंडळाच्याच पुस्तकांतला आहे. शिक्षकाला नवे काही शिकायचे नाही. धडा संपला की त्या धड्यावरचे वस्तुनिष्ठ प्रश्न आठवड्यातल्या दोन तासिकांत सोडवून घेणे एवढेच वाढते. नीटसाठी राष्ट्रीय अभ्यासक्रमाशी असलेला फरक, विशेषतः जीवशास्त्रातला, दाखवून द्यावा लागेल. ते अधिक कष्टाचे आहे आणि त्यासाठी शिक्षकाला मोबदला मिळाला पाहिजे.

सरावाची सोय तालुक्याच्या ठिकाणी करता येते. आठही तालुक्यांत कुठे ना कुठे संगणक प्रयोगशाळा आहेत, आयटीआय आहेत, वरिष्ठ महाविद्यालये आहेत. नोव्हेंबर ते मार्च दरम्यान बारावी विज्ञानाच्या प्रत्येक मुलाने निदान तीन वेळा त्या पडद्यासमोर बसून पूर्ण वेळेची चाचणी द्यावी, आणि ती शाळेच्या दिवशी द्यावी. मिशिगनचा धडा इथे वापरता येतो: बोलावलेल्या हुशार मुलांची नव्हे, पटावरच्या सगळ्यांची. गोंदिया जिल्हा परिषदेला त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

यात एक नवी संधी आली आहे. २०२६ पासून एमएचटी-सीईटी वर्षातून दोनदा, एप्रिल आणि मे महिन्यांत, घेण्याचे राज्याने जाहीर केले. दुसरी ऐच्छिक, आणि दोहोंतले चांगले गुण धरले जाणार. एका दिवसाच्या तापाने किंवा चुकलेल्या गाडीने वर्ष वाया जाऊ नये, या दृष्टीने हा फार चांगला बदल आहे. पण ऐच्छिक गोष्ट नेहमी जवळच्या आणि पैसेवाल्या मुलाच्या वाट्याला आधी जाते. शहरातले मूल पहिल्या निकालातून शिकून दुसऱ्यांदा बसेल. सालेकशाचे मूल दुसरे शुल्क आणि दुसरा मुक्काम परवडत नाही म्हणून पहिल्यावरच थांबेल. मग दोन संधींनी अंतर कमी होण्याऐवजी वाढेल. आदिवासी विकास विभागाने आणि समाजकल्याण विभागाने दुसऱ्या परीक्षेचे शुल्क आणि प्रवास आपल्याकडे घेतला, तरच ती सगळ्यांची होईल.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर केंद्रीभूत ऑनलाइन झाले. गोंदियाला ते प्रथमच. म्हणजे आता पंधरा-सोळा वर्षांचे मूल दहावी संपताच महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायच्या ऑप्शन फॉर्मला सामोरे जाते आणि दोन वर्षांनी पुन्हा तोच प्रकार मोठ्या प्रमाणावर करते. दोन्ही वेळा अर्ज बहुधा गावातल्या सेतू केंद्रावर किंवा नेट कॅफेत भरला जातो, भरणाऱ्याला महाविद्यालयांचे क्रम माहीत नसतात, आणि अधिक पर्याय देता येत असताना तीनच देऊन अर्ज बंद होतो. जातवैधता प्रमाणपत्र वेळेत नसल्याने लागलेली जागा सुटते, ही तर दरवर्षीची तक्रार. वैधतेचा प्रस्ताव अकरावीच्या पहिल्या सत्रातच महाविद्यालयाने भरून घ्यावा आणि बारावीच्या दिवाळीपूर्वी प्रत्येक मुलाचा प्रस्ताव कुठे अडकला आहे हे वर्गशिक्षकाने पाहावे. ऑप्शन फॉर्म भरायच्या दिवसांत सराव चाचणीची तीच तालुक्याची प्रयोगशाळा उघडी असावी, तिथे गणिताचा किंवा भौतिकशास्त्राचा एक शिक्षक मागच्या वर्षीची कट-ऑफ यादी घेऊन बसलेला असावा, आणि त्या दिवसांची त्याची हजेरी शाळेतलीच धरावी.